फोन फुटला तरी घर अडू नये!

पूर्वी घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कपाट, कोठीची खोली, देवघरातली पेटी, सगळ्यांच्या किल्ल्या त्या एका जुडग्यात. तो हरवला की घर अडलंच म्हणून समजा! आज तो जुडगा गेला आणि त्याच्या जागी हा वीतभर काचेचा तुकडा आला. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला मुलगा दारात उभा राहून जो आकडा मागतो, तो यात येतो. बँकेतून पैसे गेले-आले की त्याची वर्दी यात. शाळेच्या सूचना यात, भिशीचा हिशेब यात, आणि 'लाडकी बहीण'च्या दीड हजारांसाठी सप्टेंबर २०२५ पासून जी ई-केवायसी करायला सांगितली, तिचा ओटीपीही यातच. असा हा फोन ओट्यावरून घसरून फरशीवर पालथा पडतो, तेव्हा आपल्या छातीत जे धस्स होतं ते काच फुटली म्हणून नव्हे, मैत्रिणींनो. आता घर अडणार म्हणून!

नागोठण्यासारख्या गावात हे अडणं जरा जास्तच जाणवतं. मुंबई-गोवा रस्त्यावरचं, अंबा नदीच्या काठचं, रोहे तालुक्यातलं हे गाव. जुना दगडी पूल, भरलेली बाजारपेठ, रेल्वेचं स्टेशन, जवळच पेट्रोकेमिकलचा मोठा कारखाना. म्हणजे गाव काही आडरानातलं नाही. तरीसुद्धा फोनच्या कंपनीचं स्वतःचं दुरुस्ती केंद्र हवं असलं, की बहुतेकींना पनवेलची वाट धरावी लागते, आणि एक अख्खा दिवस मोडतो. शिवाय पावसाळा! अंबेला पूर आला की बाजारात पाणी शिरायची भीती; १९८९ च्या जुलैमधला पूर ज्यांनी पाहिला आहे त्या बायका आजही नदीचा आवाज बदलला की पहिल्यांदा धान्याचे डबे माळ्यावर चढवतात.

आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तर आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नसणार. त्या दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यानिशी. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले आणि रायगड जिल्ह्यातल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस ना वीज, ना फोन. त्यात टाळेबंदी चाललेली. मुलं पुण्या-मुंबईत अडकलेली, आणि 'आम्ही बरे आहोत' एवढे तीन शब्द कळवायचीही सोय उरली नाही. कुणीतरी रस्त्याने पुढे गेला, त्याच्या फोनवर कुठेतरी एक दांडी दिसली, की त्याच्या हाती दहा घरांचे निरोप! ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहायचे दिवस परवडले, असं त्या आठवड्यात कितीजणी म्हणाल्या असतील.

गंमत बघा, घरात तारेवरचा जुना काळा फोन होता ना, तो वीज गेली तरी चालायचा. कारण त्याला लागणारी वीज तारेतूनच, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून यायची. आता घरात येणारी नवी तार काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही, नुसता प्रकाश येतो. म्हणून घरातली वीज गेली की घरातलं इंटरनेटही गेलं. मोबाइलच्या मनोऱ्याखाली बॅटऱ्या असतात खऱ्या, पण त्या काही तास तग धरतात. मग डिझेल पोचलं तर ठीक, नाहीतर अंधार. एवढं एकदा लक्षात घेतलं म्हणजे पुढची व्यवस्था कशी करायची ते आपोआप सुचतं.

पण आधी तो फुटलेला फोन हातात घेऊ या.

पहिला अर्धा तास

फोन पाण्यात पडला असेल, मग ती बादली असो की पुराचं पाणी, तर तो चालू आहे का हे बघण्याचा मोह आवरा. चालू असेल तर बंद करा, चार्जिंगला मुळीच लावू नका. सिमचा ट्रे पिनेने उघडून सिम बाहेर काढा, फोन सुती फडक्याने टिपा आणि भोक खाली येईल असा उभा करून पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात खुपसायचा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. त्याने फोन वाळतो असा अनुभव सांगणाऱ्या पुष्कळ भेटतील, पण तो फोन नुसता उघड्यावर ठेवला असता तरी वाळलाच असता. उलट तांदळाची भुकटी आणि बारीक कणी चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते. आयफोन बनवणाऱ्या कंपनीनेच २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना 'तांदळात ठेवू नका' असं लिहून कळवलं. तांदूळ भातासाठी राहू द्या. हेअर ड्रायरचा गरम झोतही नको.

फोन पडून पाठ फुगलेली दिसत असेल, म्हणजे कडेची फट उघडली आहे, झाकण वर आलं आहे, तर ती आतली बॅटरी फुगली. ती दाबू नये, टोचू नये, उशीखाली तर ठेवूच नये. फोन बंद करून, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून सरळ दुरुस्तीवाल्याकडे द्यावा. 'चालतोय तोवर चालवू' हा आपला काटकसरी स्वभाव इथे कामाचा नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. फोन फुटला म्हणजे नंबर गेला असं नव्हे! नंबर असतो त्या नखाएवढ्या सिममध्ये. ते काढून घरातल्या दुसऱ्या एखाद्या चालत्या फोनमध्ये घाला, ते सिम तिथे चालत असेल तर अगदी सासूबाईंच्या बटणांच्या फोनमध्येसुद्धा, आणि पाच मिनिटांत बँकेचे, गॅसचे, आधारचे सगळे ओटीपी तिथे यायला लागतील. एवढी साधी गोष्ट, पण घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. आमच्या ओळखीतल्या एक बाई पोह्याचे पापड आणि मिरगुंड घरून विकतात. पेण-नागोठण्याकडची ही खास चीज, ऑर्डरी सगळ्या फोनवर. ऐन हंगामात फोनची काच गेली तर त्या तीन दिवस हातावर हात ठेवून बसल्या होत्या. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने, 'काकी, सिम काढून माझ्या जुन्या फोनात घाला ना,' म्हटलं आणि काम मार्गी लागलं. सिमचा आकार छोटा-मोठा असू शकतो, त्यासाठी पाच-दहा रुपयांची चौकट दुकानात मिळते.

मात्र ज्यांनी हौसेने ई-सिम घेतलं आहे, म्हणजे ज्याला कार्डच नाही, नंबर फोनच्या पोटातच असतो, त्यांना हा उपाय नाही. शहरात असेल सोयीचं. आपल्याकडे, जिथे दुकान दूर आणि पाऊस जवळ, तिथे मी तरी सुटं कार्डच बरं म्हणेन.

कधी कधी काच फुटते, चित्र दिसतं, पण बोट लावलेलं कळत नाही. अशा वेळी कॉम्प्युटरचा साधा वायरचा माउस आणि ओटीजी नावाची एक बोटभर जोडणी घेऊन ती चार्जिंगच्या भोकात लावून पाहा. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर माउसचा बाण दिसू लागतो, त्या बाणाने कुलूप उघडता येतं आणि फोटो, नंबर, हिशेब दुसरीकडे हलवता येतात. काच बदलण्यापूर्वी हे करून घ्यावं, कारण दुरुस्तीत आतलं सामान शाबूत राहीलच अशी हमी कुणी देत नाही.

नंबर कुणाच्या नावावर आहे?

सिमच हरवलं किंवा फोन चोरीला गेला तर गोष्ट वेगळी. मग दुसरं सिम काढावं लागतं, आणि इथे आपल्या घरांतली एक जुनी खोड आडवी येते. अहो, आपण रोज वापरतो तो नंबर आपल्या नावावर असतोच कुठे? पहिला फोन घेतला तेव्हा 'तुला काय कळतंय त्यातलं' म्हणत ह्यांनी आपल्या आधारवर सिम आणलं, नाहीतर थोरल्या मुलाने. आता मुलगा नोकरीला ठाण्यात किंवा थेट दुबईत. दुकानदार म्हणतो, 'ताई, ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या, त्यांचाच अंगठा लागेल.' झालं! आणि ज्यांच्या नावावर नंबर होता ते माणूसच या जगात नसेल, तर त्या बाईची जी परवड होते ती सांगण्यापलीकडची. दुःखाचे दिवस, त्यात पेन्शनचा ओटीपी अडलेला.

तेव्हा हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एक काम करा. घरात विचारा, माझा नंबर कुणाच्या नावावर? दुसऱ्याच्या असेल तर दोघांनी मिळून कंपनीच्या दुकानात जाऊन तो आपल्या नावावर करून घेता येतो. दोघं एकत्र जाऊ शकता आहात तोवर करा. सरकारची 'संचार साथी' म्हणून एक सोय आहे, मे २०२३ पासून. तिथे आपल्या नावावर एकूण किती नंबर चालू आहेत हे बघता येतं, आणि एखादा भलताच नंबर आपल्या नावावर कुणी घेतला असेल तर तेही उघडकीला येतं. चोरीला गेलेला फोनही तिथूनच बंद पाडता येतो, म्हणजे चोराने नवं सिम घातलं तरी तो चालत नाही. त्यासाठी पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत लागते आणि फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. तो फोनच्या खोक्यावर छापलेला असतो. किंवा आत्ताच, फोन धड आहे तोवर, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश ही बटणं दाबा, आकडा समोर येतो. वाणसामानाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. फोनमध्ये लिहून ठेवू नका म्हणजे झालं!

दुसरं सिम मिळालं की लगेच सगळं सुरळीत होईल असं मात्र समजू नका. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस येत-जात नाहीत, असा नियमच आहे. आपल्या नावाने भलत्यानेच सिम काढून खातं साफ करू नये म्हणून तो केला आहे. गैरसोय आपली, पण रक्षणही आपलंच. म्हणून कुठल्याही योजनेची शेवटची तारीख उद्यावर असताना हे काम काढलंत तर हाती काही लागणार नाही. 'लाडकी बहीण'च्या वेळी तर स्वतःच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागत होते. म्हणजे घरातले दोन फोन एकाच वेळी धड हवेत! आधारला जोडलेला नंबर जुना, कधीच बंद पडलेला असेल तर आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या. गर्दी नसेल तेव्हा जा, मुदत संपत आलेली असताना तिथे पाय ठेवायला जागा नसते.

आणखी एक. पूर्वी फोन नवा घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने 'वहिनी, तुमचं जीमेल बनवून देतो' म्हणून काहीतरी खटपट केली होती, आठवतं? तो पत्ता काय, त्याचा पासवर्ड काय, तुम्हाला ठाऊक आहे का? तुमचे व्हॉट्सॲपचे जुने निरोप, फोटो, नंबर यांची राखीव प्रत त्या खात्यात जाते. नवा फोन आला की तेच खातं उघडलं तर सगळं परत मिळतं. न उघडलं तर नातवाचे बारशाचे फोटो गेले ते गेले. तेव्हा तो पत्ता शोधून काढा, नवा पासवर्ड स्वतः घाला आणि वहीत टिपा. पासवर्ड वहीत लिहू नये असं शहाणे लोक सांगतात. बँकेचा पिन लिहू नये, हे अगदी खरं. पण फडताळातल्या वहीत जीमेलचा पासवर्ड असणं हे तो कुणालाच ठाऊक नसण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

दुरुस्तीला देताना

आता जरा नाजूक विषय. फोन दुरुस्तीला दिला म्हणजे आपलं घर उघडं टाकून परक्याच्या हाती किल्ली दिली. त्यात लेकीचे फोटो आहेत, बहिणीशी झालेली बोलणी आहेत, डॉक्टरांचे रिपोर्ट आहेत. दुरुस्तीवाले बहुतेक भले असतात. गावातला माणूस तर ओळखीचाच असतो. तरीही सिम आणि मेमरी कार्ड काढून घेतल्याशिवाय फोन हातचा सोडू नये. 'कुलूप काय आहे, वहिनी?' असं विचारलं तर शक्यतो स्वतः समोर बसून उघडून द्यावं. काच नाहीतर बॅटरी बदलायला फार वेळ लागत नाही. पर्समध्ये वाचायला हा अंक ठेवा. फोन ठेवूनच यावा लागणार असेल आणि पडदा चालू असेल, तर नव्या फोनांच्या सेटिंगमध्ये दुरुस्तीच्या वेळेसाठी एक सोय असते, मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड नावाची. ती लावली की दुरुस्ती करणाऱ्याला फोन तपासता येतो, पण फोटो, निरोप दिसत नाहीत. तुमच्या फोनमध्ये ती आहे का, घरातल्या एखाद्या तरुण मुलाला विचारा. मुलं असल्या गोष्टी चटकन शोधतात, नि त्यांनाही जरा मोठेपणा मिळतो.

भाव आधी ठरवा आणि कागदावर घ्या: काय बदलणार, कंपनीचं की साधं, किती दिवसांची हमी. साधी काच निम्म्या किमतीत मिळते खरी, पण उन्हात दिसत नाही आणि बोटाला दाद देत नाही. जुन्या फोनला महागडी काच बसवण्यात अर्थ नाही. दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या फोनच्या निम्म्यावर गेला की मी तरी हात आखडता घेईन.

घरात तार घेताना

इतकं सगळं एका फोनवर टांगून ठेवायचं नसेल तर घरात वेगळं इंटरनेट असलेलं बरं, हे एव्हाना तुम्हालाही पटलं असेल. मुलांचा अभ्यास, टीव्ही, आणि फोन बिघडला तर जुन्या टॅबवरून का होईना परदेशातल्या लेकीचं तोंड दिसणं. आपल्या देशात इंटरनेट सामान्यांना मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्याच्या पंधरवडाभर आधी, ३१ जुलैला, पहिला मोबाइल कॉल झाला. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. आज नागोठण्याच्या आळीतसुद्धा काचेची तार येते. काही ठिकाणी तार पोचत नाही तिथे छपरावर छोटा डबा बसवून ५जीच्या लहरींवर इंटरनेट देतात. दोन्ही मिळत असेल तर तार घ्या. छपरावरचा डबा तुमच्या मोबाइलच्याच मनोऱ्यावर अवलंबून. मनोरा मुका झाला की दोन्ही एकदम गप्प. त्याच न्यायाने, घरातलं इंटरनेट ज्या कंपनीचं, त्याच कंपनीचं सिम घरातल्या सगळ्यांनी घेऊ नये. एकाचं तरी दुसऱ्या कंपनीचं असू द्या. सगळी अंडी एका टोपलीत नको, असं आपल्या कोंबड्या पाळणाऱ्या आजीला कुणी शिकवायला लागत नव्हतं.

जाहिरातीतल्या आकड्यांना भुलू नका. '३० एमबीपीएस' म्हणजे सेकंदाला ३० मेगाबिट. आपण ज्या एमबीत फोटो मोजतो ते त्याच्या आठपट मोठं, म्हणजे सेकंदाला पावणेचार एमबी. हे कमी वाटलं तरी चांगला स्पष्ट व्हिडिओ बघायला पाचएक एमबीपीएस पुरतात. चौघांच्या घराला तीस भरपूर झाले. शंभर-दोनशेचा आग्रह धरणाऱ्या एजंटाला गोड हसून चहा पाजा आणि लहान योजना घ्या. पुढे कमी पडलं तर वाढवता येतं. किंमत विचारताना 'करासकट किती?' हे विचारायचं. ३९९ रुपये म्हणतात त्यावर १८ टक्के जीएसटी चढला की ते ४७१ होतात. पेटीची अनामत आहे का, ती परत मिळते का, जोडणीचे वेगळे किती, हे पावतीवर लिहून घ्या. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरा, मोठी सूट देतो, असं म्हणतात. आधी एक महिना, तोही पावसाळ्यातला, वापरून पाहावा. जुलै महिन्यात जे इंटरनेट चालतं ते बाकी वर्षभर चालतंच!

तार ओढायला माणूस आला की त्याच्यामागे उभं राहायला लाजू नका. आतला काचेचा धागा केसासारखा बारीक असतो. तार कशीही वळवली की त्यातला प्रकाश बाहेर सांडतो आणि इंटरनेट मंद होतं. साधा हिशेब सांगते: तारेचं वळण बांगडीपेक्षा लहान नको. दाराच्या फटीतून नेऊ नका, कपाटामागे चेपू नका. खांबावरून घरात शिरताना तार थोडी खाली झोळ देऊन मग वर आत घ्यावी, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोळावरून गळून पडतं, भिंतीत शिरत नाही. आंब्या-नारळाच्या झाडातून तार नेत असेल तर तिथेच अडवा, कारण पहिल्या वादळात झावळीबरोबर ती खाली येणार. आणि घराजवळ हातभर जादा तार गुंडाळून ठेवायला सांगा. पुढे तुटली तर जोडायला उपयोगी पडते. त्या तारेच्या उघड्या टोकात डोकावून 'प्रकाश येतो का' बघायचं नाही, मुलांनाही बघू द्यायचं नाही. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

पेटी, म्हणजे तो राउटर, बहुतेक घरांत टीव्हीच्या मागे नाहीतर फ्रिजवर जाऊन बसतो. तिथे तो बिचारा घुसमटतो. लोखंड, आरसा, पाण्याची टाकी आणि जाड भिंत या चार गोष्टी त्याच्या लहरी अडवतात. घराच्या मध्यावर, खांद्याच्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवा. भांड्यांच्या मांडणीपासून लांब. बऱ्याच पेट्यांतून दोन नावांची वायफाय येतात. ज्याच्यापुढे '५जी' लिहिलेलं असतं ते जवळून वेगवान, पण भिंतीपलीकडे दमतं; दुसरं सावकाश, पण माजघर ओलांडून परसापर्यंत जातं. स्वयंपाकघर मागे असेल तर तिथे दुसरंच लावा. (आणि त्या '५जी'चा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही, नावं ठेवणाऱ्यांनी आपल्याला घोटाळ्यात टाकायचंच ठरवलं आहे!)

वायफायचा पासवर्ड जोडणी करणाऱ्याने दिलेला तसाच ठेवू नका. तो त्याच दिवशी बदला. शेजारधर्म म्हणून सगळ्या आळीला वाटू नका. तुमच्या वायफायवरून कुणी काही उचापत केली तर पोलीस दार वाजवतात ते तुमचं. शेजारच्या मुलीची परीक्षा असेल तर आपल्या घरात बसून फॉर्म भरू दे, वर पोहेही खाऊ घाला.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न राहिला. या पेटीला फार वीज लागत नाही. बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. तिच्यासाठी हातात मावणारा छोटा यूपीएस मिळतो, दोन-चार तास सहज चालवतो. घेताना पेटीच्या चार्जरवरचे व्होल्टचे आकडे दुकानदाराला दाखवून जुळवून घ्या. गडगडाट सुरू झाला की मात्र पेटीचा प्लग काढून ठेवणं उत्तम. काचेच्या तारेतून वीज कडाडून येत नाही, पण भिंतीतल्या प्लगमधून येते.

लाल दिवा लागला तर

पेटीवर एलओएस लिहिलेला दिवा असतो. तो लाल पेटला म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाही. अशा वेळी पेटी दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. तार कुठे निसटली आहे का, उंदराने कुरतडली आहे का एवढं बघा आणि तक्रार करा. दिवे सगळे हिरवे असून चालत नसेल तर मात्र पेटी बंद करून पाच मिनिटांनी लावा. निम्म्या वेळा तेवढ्याने भागतं. आपल्याकडे २०११ पासून महामार्गाचं चौपदरीकरण चाललं आहे; कुठे जेसीबीचा दात जमिनीतल्या तारेला लागला की सगळी आळी एकदम गप्प होते. शेजारीही बंद आहे का, हे आधी विचारलं की आपल्या घरात उगीच शोधाशोध करावी लागत नाही.

तक्रार केली की तिचा क्रमांक मागून घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. 'माणूस पाठवतो, ताई,' या शब्दाला कागदावर काही किंमत नसते, क्रमांकाला असते. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला फी नाही. तिथेही काम झालं नाही तर १९१५ हा ग्राहक मदतीचा नंबर आहे.

फोन बिघडलेला असतानाच लुबाडणारे नेमके गाठतात, हेही सांगायला हवं. 'तुमचं सिम आज बंद होणार,' 'केवायसी राहिली आहे, हे ॲप घ्या,' असे फोन दुसऱ्या कुणाच्या फोनवर आले तरी घाबरून काही दाबू नका. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठी लागतो. चुकून पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० फिरवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा जास्त.

राहता राहिला जुना फोन. नवा आला की जुना मोडीत देऊन शे-दोनशे रुपये घेण्याचा मोह होतो. चालत असेल तर देऊ नका. मेणबत्त्या आणि काडेपेटी ठेवता त्याच खणात त्याचा चार्जर गुंडाळून ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी निम्मा चार्ज करा, आणि त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून मुलांचे, डॉक्टरांचे, वायरमनचे आणि महावितरणचा १९१२ हे नंबर पेनाने लिहा. वादळात मनोऱ्याची एखादी दांडी आली-गेली करत असेल तेव्हा फोन लावण्यापेक्षा साधा एसएमएस पाठवावा. बोलणं तुटतं तिथेही तो पुष्कळदा निसटून पोचतो. 'आम्ही बरे आहोत' एवढं लिहिलं की पुरे.